ओटीपी मंगलच्या फोनवर येतो

१ जानेवारी, बुधवार

यंदाचे संकल्प. पोर्टफोलिओ रोज बघायचा नाही. फक्त रविवारी, चहा झाल्यावर. रविवारी बाजार बंद असतो, त्यामुळे मन शांत राहतं. दुसरं, भावनिक व्हायचं नाही. भावना आणि गुंतवणूक एका दावणीला बांधू नये, असं एका व्हिडिओत ऐकलं. (दावण त्यात नव्हती, ती मी घातली.)

खुलासा करून ठेवतो. खातं, म्हणजे म्युच्युअल फंडाचं आणि शेअरचं, मंगलच्या नावावर आहे. मंगल म्हणजे माझी बायको. दिवाळी झाल्यावर साध्या तापाचं निमित्त झालं आणि गेली. खातं चालू आहे.

माझ्या नावावर खातं निघत नव्हतं. पॅन कार्डावर मी भगवानराव आहे आणि आधारवर नुसता भगवान. कंप्युटरला ही दोन माणसं वाटतात. चूक पॅन काढून देणाऱ्या पोराची. म्हणून सगळं हिच्या नावानं काढलं, मोबाईल नंबर हिचा दिला, नॉमिनी म्हणून मी. पैसाही तसा हिचाच. हिच्या शेळ्या गावातल्या सिदूकडे अर्धेलीनं आहेत, म्हणजे चारायच्या त्यानं आणि पिलं निम्मी निम्मी. दर बकरी ईदला बोकडं विकली की पैसे माझ्या हातावर ठेवायची आणि म्हणायची, ह्याला हात लावायचा न्हाई, ही स्वप्नीची शाळा हाय. स्वप्ना आमची एकुलती एक. बीडला खाजगी दवाखान्यात नर्स आहे, पुढचा डिग्रीचा कोर्स करायचा म्हणते. ॲडमिशन ऑगस्टमध्ये. तोवर मी पैसे दुप्पट करणार. हा तिसरा संकल्प.

२ जानेवारी

बघितला. चालू आहे का एवढंच.

६ जानेवारी, सोमवार

माझ्या नोकरीला बाजार चांगला बसतो. मी नेकनूरच्या दूध संकलन केंद्रावर आहे. सकाळचं दूध घेऊन टेम्पो गेला की संध्याकाळच्या दुधापर्यंत मी मोकळा. बाजाराच्या वेळा कुणीतरी डेअरीवाल्यानंच ठरवल्या असणार.

लॉगिन करताना ओटीपी मंगलच्या फोनवर येतो. जुना बटणांचा फोन. देवाच्या फळीवर चार्जिंगला ठेवलाय, तिथं रेंज चांगली लागते. टिंग वाजतं, मी उठून जातो, आकडे बघतो, येऊन टाकतो. मग ॲपवर येतं, नमस्कार, मंगल. बघून झालं की लॉगआउट करतो. ॲप म्हणतं, कशाला, दिवसभर राहू द्या. पण सुरक्षितता महत्त्वाची. परत बघायचं झालं तर परत ओटीपी. असू दे.

१९ जानेवारी, रविवार

स्वप्ना आलती. भाकरी करून ठेवल्या, डबे घासले, मग विषयावर आली. पप्पा, मम्मीचा मृत्यूचा दाखला कंपनीला पाठवा, फंड तुमच्या नावावर करून घ्या, ऑगस्टात मला लागतील, असं म्हणाली. मी तिला समजावलं की बाजार सध्या कन्सोलिडेशनमध्ये आहे, अशा वेळी खात्याला धक्का लावू नये. कन्सोलिडेशन म्हणजे काय विचारलं. म्हणालो, विश्रांती. जाताना फळीवरचा फोन बघून म्हणाली, हा अजून चालूच हाय का?

ओटीपीसाठी लागतो, म्हणालो.

रिचार्ज केला. व्यावसायिक खर्च.

९ फेब्रुवारी, रविवार

मांजरसुंब्याला गेलतो. बंकटचं तिथं चौकात पंक्चरचं दुकान आहे. माझा वर्गमित्र. लोक टीव्हीवर तज्ज्ञ बघतात, पण मांजरसुंब्याच्या चौकात खुर्ची टाकून बसलं की देशाची सगळी अर्थव्यवस्था समोरून जाते, ट्रकमध्ये. बंकटनं मला ते दाखवलं. महिनाभर एकाच कंपनीचे ट्रक जातायत, सोलर पंपाचे, काठोकाठ भरलेले, टायर दबेपर्यंत. बे भगवान्या, म्हणाला, कावून येड्यावानी फंडात पैसा कुजवत बसला, ही कंपनी लई पुढं जाणार हाय.

याला म्हणतात ग्राउंड रिसर्च.

१० फेब्रुवारी, सोमवार

अर्धा फंड काढायला टाकला. पैसे हिच्याच बँक खात्यात येतील, तिथून पंपवाली, म्हणजे त्या सोलर पंपाच्या कंपनीचे शेअर. हात लावायचा न्हाई, असं ती म्हणाली होती. पण मी हात लावत नाहीये. शेळी एका दावणीवरून सोडून दुसऱ्या दावणीला बांधतोय. शेळी तीच.

ओटीपीवर ओटीपी आले. फोन दुपारभर वाजत होता. घर एकदम भरल्यासारखं वाटलं.

२० फेब्रुवारी

पंपवाली घेतल्यापासून जरा खाली. घेणाऱ्याला आधी थोडं खाली नेतात, मग वर. जत्रेतला पाळणा तसाच चालतो.

२८ फेब्रुवारी

आणखी खाली. पण विकलं नाही तोवर तोटा नाही. हे वाक्य खडूनं डेअरीच्या भिंतीवर लिहिलं, फॅटच्या दरपत्रकाखाली. दूध घालायला येणाऱ्या छबुबाईनं वाचलं आणि विचारलं, मंग आमचं दूध नासलं आन आमी इकलंच न्हाई तर? मी म्हणालो, बाई, हे वेगळं आहे. कसं वेगळं ते रांग असल्यामुळे सांगता आलं नाही.

१४ मार्च, शुक्रवार. धुळवड

बाजाराला सुट्टी. तरी लॉगिन केलं. ओटीपी येतो का ते तपासण्यासाठी.

येतो.

३० मार्च, पाडवा

स्वप्ना म्हणाली गुढीला मम्मीची हिरवी साडी लावू. मी नवीन खण आणला. जुनी साडी कशाला उन्हात. तिनं माझ्याकडे बघितलं आणि खण लावला. मी कडुलिंब खाल्ला नाही, कुणी आठवण करून दिली नाही म्हणून. दर वर्षी ही जबरदस्तीनं तोंडात कोंबायची.

संध्याकाळी स्वप्नानं परत दाखल्याचं काढलं. पप्पा, गेलेल्या माणसाच्या खात्यात असं घेणं-विकणं करत न्हाईत, गुन्हा असतो तो. मी म्हणालो, बाजार वर आला की एका दिवसात सगळं करून टाकतो. कवा येणार वर? गुंतवणूकदाराला असा प्रश्न विचारत नसतात, म्हणालो.

७ एप्रिल, सोमवार

आज अख्ख्या जगाचा बाजार पडला. अमेरिका, जपान, सगळे. टीव्हीवर सगळे लालच लाल. म्हणजे ही माझी वैयक्तिक चूक नाही. मोठा दिलासा. झोप चांगली लागेल.

८ एप्रिल

नाही लागली.

२२ एप्रिल, मंगळवार

जगाचा बाजार वर आला. पंपवाली आली नाही. उलट लोअर सर्किट लागलं. म्हणजे विकायला हजार माणसं आणि घ्यायला एकही नाही, दुकानाला कुलूप. विकावं असा विचार मनात आला होता, खोटं कशाला बोलू. पण विकता येतच नाही. एका अर्थी बाजार मला शिस्तच लावतोय. लाँग टर्म.

या सगळ्यात सायंकाळी छबुबाईच्या दुधाची फॅट चुकीची लिहिली. मशीनकडे बघायचं तर मोबाईलकडे बघत होतो. तिच्या गायीला म्हशीची फॅट लागली. बाई खूश, चेअरमन नाही.

१८ मे, रविवार

बंकटकडे गेलो. तो नजर टाळत टायर पाण्यात बुडवत बसला. मग एकदाचं सांगितलं. एका ड्रायव्हरशी बोलणं झालं म्हणे. ते भरलेले ट्रक पंप घेऊन बाजारात चालले नव्हते. बाजारातून कारखान्याकडे चालले होते. बिघडलेले पंप. परत.

मी म्हणालो, बंकट, ट्रकचं तोंड कोणीकडं होतं हे तुला कळलं नाही? तो म्हणाला, बे, चौक हाय तो, चारीकडं तोंडं असत्यात.

चहा त्यानंच पाजला. येताना बसमध्ये खिडकीशी बसलो आणि ठरवलं की कोणाला सांगायचं नाही. विशेषतः हिला. मग लक्षात आलं. हे मी कधी कधी करतो.

६ जून, शुक्रवार

उद्या बकरी ईद. सिदूनं बोकडं बाजारात नेलती, भाव बरा आला असं ऐकलं. माझा प्लॅन तयार आहे. हिच्या वाट्याचे पैसे आले की पंपवालीत टाकायचे. आता लई स्वस्त झालीय, स्वस्तात आणखी घेतलं की सरासरी खाली येते. ॲव्हरेजिंग. आडात पाणी असेल तर पोहऱ्यात येईलच.

८ जून, रविवार

सिदू आला, ओसरीत टेकला, चहा घेतला, शेळ्यांचं सांगितलं. कपिलीला दोन पाठी, म्हणजे मादी पिलं, झाल्या. मंगलवैनीची लाडाची होती म्हणाला. पैशाचं मीच काढलं. तो टोपी काढून डोकं खाजवायला लागला. म्हणाला, भाऊ, राग मानू नका. पैसं म्या स्वप्नीला देऊन आलो. पोरीनं फोन करून सांगितलं, पप्पाच्या हातात देऊ नका म्हणून.

मी हसलो. त्याच्यासमोर दुसरं काय करणार.

घरात गुंतवणुकीतलं कळणारा एकटा मी, आणि माझ्याच हातात द्यायचं नाही. मंगल माझ्याच हातावर ठेवायची. मोजायचीही नाही.

९ जुलै, बुधवार

लॉगिन होत नाही. नंबर टाकला, टिंग वाजलं नाही. परत टाकला. फोन बंद पडला असेल म्हणून फळीवरून काढून बघितला, चालू होता, चारी दांड्या रेंज. स्क्रीनवर लिहून आलं की खातेदाराच्या निधनाची सूचना मिळाली आहे, खाते गोठवले आहे.

स्वप्नाला फोन केला. हो, म्याच पाठवला दाखला, म्हणाली. रडत होती की दवाखान्यात कुणी पेशंट ओरडत होता ते कळलं नाही. पप्पा, तुमी करणार नव्हता म्हणाली. मी विचारलं, तुला कुणी अधिकार दिला? तिनं फोन ठेवला. बरोबर केलं असेल. मला तसं म्हणता आलं नाही.

दिवसभर फोन गप्प. संध्याकाळचं दूध झालं, घरी आलो, दिवा लावला. तरी गप्प. सात महिने मी त्या टिंगसाठी उठत होतो की पंपवालीसाठी, हे आज मला नीट सांगता यायचं नाही.

फोन तेवढा चार्जिंगला लावून ठेवला.

१५ जुलै, मंगळवार

स्वप्नाशी बोलणं सुरू झालं, म्हणजे कामापुरतं. फॉर्म भरायची शेवटची तारीख ऑगस्टच्या मध्यावर. फंड नॉमिनीच्या नावावर झाला तर काढता येईल. नॉमिनी मीच. मीच नाव लिहिलं होतं, वळणदार अक्षरात, श्री. भगवानराव.

बीडच्या सेतू केंद्रातला पोरगा म्हणाला, काका, आधारला राव न्हाई. पॅनला अन् नॉमिनीला हाय. कंपनी वापस करणार. दोन रस्ते हैत. एक, आधारमध्ये राव घाला, त्याला गॅझेट लागतं, वेळ लागतो. न्हाईतर पॅनमधून राव काढा, अन् दोनी नावं एकाच माणसाची हैत म्हणून प्रतिज्ञापत्र करा. हे लवकर होतं.

मी गॅझेटचं सांगितलं. तत्त्वाचा प्रश्न आहे. एका अक्षरासाठी माणूस स्वतःचं नाव सोडतो का? स्वप्ना म्हणाली, पप्पा, दोन अक्षरं हैत. आणि गावात तुमाला कुणीच राव म्हणत न्हाई.

२ ऑगस्ट, शनिवार

गॅझेटचं काम पुढं सरकेना. फॉर्मवर एक शिक्का कमी होता. तो आणला तर दुसरा कमी. सेतूतला पोरगा आता मला बघितलं की दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागतो. स्वप्ना रोज फोन करत नाही. पहिल्यांदा रोज करत होती.

डेअरीच्या भिंतीवरचं वाक्य पावसाच्या ओलीनं निम्मं गेलं. तोवर तोटा नाही, एवढंच राहिलंय. आधीचं वाचता येत नाही.

११ ऑगस्ट, सोमवार

गेलो प्रतिज्ञापत्राला. शेवटी गेलोच.

कोर्टाबाहेर टाईप करणारा म्हणाला, दोन साक्षीदार लागतील, तुम्हाला दोन्ही नावांनी ओळखणारे. बंकट आणि सिदूला घेऊन गेलतो. टायपिस्टनं बंकटला विचारलं, या माणसाला भगवानराव म्हणूनही ओळखता का? बंकट मुळातच सरळ. म्हणाला, याला कोण राव म्हणतंय? शाळेत भगवान्या, डेअरीवर भगवान. आमी तर बे म्हणतो. टायपिस्टनं हात थांबवले. साक्षीदार असा नको, म्हणाला.

मी खालीच बघत होतो. मला राव म्हणणारं कुणी नाही, हे मला माहीत होतं. एक होतं, ते साक्षीला आणता येत नव्हतं.

तेव्हा सिदू खाकरला. म्हणाला, साहेब, म्या ऐकलंय. यांच्या लग्नात. वैनी कडा गावची, साखर कारखान्याकडची. उंबऱ्यावर बायांनी आडवलं आन नाव घ्याय लावलं. आणि सिदूनं तिथं, कोर्टाबाहेर, झेरॉक्सच्या गर्दीत, बायकी आवाज न काढता, साध्या आवाजात म्हणून दाखवलं. कड्याच्या उसाला गोडी लई, भगवानरावांच्या घरात मला कमी काईच न्हाई.

बंकट म्हणाला, हां बे, घेतलतं खरं. टायपिस्टनं टाईप केलं.

पॅन काढणाऱ्या पोराची चूक नव्हती. डेअरीत लागलो तेव्हा पॅन काढलं. त्यानं विचारलं पूर्ण नाव सांगा. मीच सांगितलं, भगवानराव. त्या पोराला वाटलं असेल काय ऐटबाज माणूस आहे. मंगलनं त्या एका दिवशी नाव घेतलं, नंतर आयुष्यभर अवं. पुढं हळदीकुंकवाला घेतलं असेल, पण तिथं पुरुष नसतात. सरकारी कार्डावर तेवढं राहावं असं वाटलं, एवढंच. घरात तिला कमी होतं का, हे मी कधी विचारलं नाही. शेळ्यांच्या पैशाचं तरी विचारायला पाहिजे होतं.

पॅनमधला राव काढायचा अर्ज दिला. सही करताना हात राव लिहायला गेला. खोडता येत नाही म्हणून नवा फॉर्म घेतला.

१४ ऑगस्ट, गुरुवार

संध्याकाळी स्वप्नाचा फोन. ॲडमिशन घेतलं म्हणाली, संभाजीनगरला. पहिल्या वर्षाचे पैसे बोकडांचे आणि पगारातले साठवलेले. मग म्हणाली, पप्पा, आता तुमी घाई करू नका. होईल तवा होईल.

मी प्रतिज्ञापत्राचं सांगणार होतो. नाही सांगितलं. अभिनंदन म्हणालो. अभिनंदन हा शब्द फोनवर फार मोठा वाटला. तिला हसू आलं. हिच्या हसण्यासारखं.

स्वप्नीची शाळा मंगलच्या शेळ्यांनीच केली. मी मध्ये उभा होतो.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

कंपनीची मेल आली. खातं माझ्या नावावर झालं.

बाजार आज मुहूर्तापुरता तासभर उघडतो, त्या सौद्याला बसलो. नंबर टाकला. सवयीनं उठून फळीपर्यंत गेलो. ओटीपी माझ्या हातातल्या फोनवर वाजला. परत येऊन बसलो. आकडे टाकले.

नमस्कार, भगवान.

उरलेला फंड बरा आहे. तो स्वप्नाच्या नावानं करून द्यायचा, पुढच्या वर्षाच्या फीला. पंपवाली चिल्लर झालीय, पण आज घेणारा होता. मुहूर्ताला कुणीतरी हौसेनं घेतच असतं. विकली. म्हणजे आता तोटा झाला.

लॉगआउट करायचं होतं. ॲप म्हणालं, दिवसभर राहू द्या. राहू दिलं.

स्वप्ना सुट्टीत आली आहे, आत करंज्या तळतेय. एक कच्ची राहिली म्हणून मलाच खायला दिली.

मघाशी फळीवरचा फोन वाजला. टिंग. मी आणि ती दोघंही उठलो. मंगलच्या नंबरचा रिचार्ज उद्या संपतोय, असा मेसेज होता. ओटीपीचं कारण आता नाही. केला रिचार्ज. कोणत्या खर्चात धरायचा, ते कळत नाही.